आरसी ट्रकचा स्पर गिअर पुन्हा पुन्हा जातोय? नवा टाकण्याआधी जुन्याचे दात बघा

रिमोटवर चालणाऱ्या, म्हणजे आरसी ट्रकचं हे लक्षण ओळखीचं आहे. थ्रॉटल दाबला की मोटर जोरात फिरते, आतून खरखर येते आणि ट्रक जागचा हलत नाही. कव्हर उघडलं की स्पर गिअरचे, म्हणजे मोटरवरचं छोटं पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरचे, दात गेलेले दिसतात. मग नवा गिअर ऑनलाइन मागवायचा, कुरिअरची वाट बघायची, बसवायचा, आणि चार-पाच बॅटऱ्या संपायच्या आत पुन्हा तोच आवाज. नाशिकमध्ये १:१० स्केलचे ट्रक चालवणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नुकताच ट्रक अपग्रेड केलेला असतो: ब्रशलेस मोटर, टूएसच्या (दोन सेलच्या) जागी थ्रीएस (तीन सेलची) लायपो बॅटरी, मोठे टायर.

अशा वेळी ‘अजून मजबूत गिअर कुठला?’ हा प्रश्न सोडून द्यावा. स्पर गिअर खराब निघाला म्हणून वारंवार जातो असं फार क्वचित होतं. त्याच्या आजूबाजूचं काहीतरी चुकलेलं असतं आणि ते चुकलेलं दुरुस्त न करता आपण नवा गिअर त्याच जागी बसवत राहतो. काय चुकलंय ते गेलेल्या गिअरवर बहुतेक वेळा स्पष्ट दिसतं. म्हणून जुना गिअर फेकू नका. टूथब्रशने स्वच्छ करा आणि उजेडात धरून बघा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा. रिमोट बंद आहे, ट्रक बंद आहे, एवढ्यावर विसंबून बोट गिअरजवळ नेऊ नका. सिग्नल गडबडला तर ब्रशलेस मोटर क्षणात हजारो आरपीएमवर जाते, आणि स्टीलचं पिनियन बोटाचं काय करेल ते सांगायला नको.

गेलेले दात काय सांगतात

एका जागचे दोन-चार दात मुळापासून तुटलेत आणि बाकीचे नव्यासारखे धारदार आहेत, तर तो धक्क्याचा मार आहे. ट्रक उडवला, हवेत थ्रॉटल दाबून ठेवला आणि टायर पूर्ण वेगात फिरत असताना जमिनीवर टेकला, तर फिरणारं सगळं एका झटक्यात थांबतं आणि तो झटका दोन-तीन दातांवर येतो. पुढे जात असताना थेट रिव्हर्स मारला तरी हेच होतं. किंवा मुरमाचा खडा पिनियन आणि स्परच्या मध्ये सापडला. खडा सापडला असेल तर तुटलेल्या दाताशेजारी खळगा किंवा ओरखडा दिसतो. नुसत्या धक्क्याने तुटलेला दात स्वच्छ तुटतो. अशा मारात पहिला संशय स्लिपर क्लचवर, म्हणजे जास्त झटका आला की घसरणाऱ्या भागावर घ्यायचा, त्याबद्दल पुढे.

सगळेच दात सारखे बारीक होऊन टोकदार झालेत, तर मेश (पिनियन आणि स्परमधलं अंतर) ढिला आहे, पिनियन झिजलंय, किंवा पिनियन आणि स्परचा पिच (दातांचं माप) वेगळा आहे. हे हळूहळू होतं आणि आधी आवाज बदलतो, म्हणून लक्ष असेल तर वेळेत सापडतं.

दाताच्या रुंदीचा अर्धाच भाग झिजलाय आणि उरलेला अर्धा कोरा आहे, तर पिनियन शाफ्टवर आत किंवा बाहेर सरकलंय, नाहीतर मोटर तिरकी बसली आहे.

दातांची टोकं गुळगुळीत, चकचकीत, थोडी वाकल्यासारखी दिसतात, प्लास्टिक ओढलं गेल्यासारखं वाटतं, तर ती उष्णता. मेश फार टाईट असेल किंवा मोटर फार तापत असेल.

दात ठीक आहेत, पण गिअरचा मधला भाग, म्हणजे स्लिपरच्या चकत्या जिथे टेकतात तो, रंग बदललेला किंवा वितळलेला आहे, तर स्लिपर फार ढिला आहे आणि सतत घसरून तापतोय. पुष्कळ लोक दात बघतात आणि मधला भाग बघतच नाहीत.

गिअर एका अर्ध्या भागात जास्त झिजलाय आणि समोरच्या अर्ध्यात कमी, तर स्पर डगमगत फिरतोय. शाफ्ट वाकलाय, बेअरिंग गेलंय किंवा गिअर हबवर नीट सपाट बसलेला नाही.

एकाच गिअरवर दोन खुणाही सापडतात. तेव्हा जी खूण जास्त भागावर पसरलेली आहे तिच्यापासून सुरुवात करा, कारण तुटलेले दोन दात बऱ्याचदा आधीच्या झिजेचाच शेवट असतात.

पिनियन: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं

स्पर नायलॉनचा आणि पिनियन धातूचं, म्हणून पिनियनला काही होत नाही अशी समजूत आहे. ॲल्युमिनियमचं पिनियन आपल्याकडच्या धुळीत फार लवकर झिजतं. वरचा ॲनोडायझिंगचा कडक थर निघाला की आतलं मऊ ॲल्युमिनियम उघडं पडतं, आणि दातांमध्ये अडकलेली धूळ त्याला घासत राहते. थोड्या दिवसांत दाताची एक बाजू आकड्यासारखी वळते. असं पिनियन नव्या कोऱ्या स्परला कानशीसारखं कातरतं. लोक स्पर बदलतात, पिनियन तेच ठेवतात आणि नवा स्पर आणखी लवकर जातो. दाताच्या दोन्ही बाजूंवरून नख फिरवा. एका बाजूला धार लागली तर पिनियन बदला, आणि बदलताना हार्डन केलेल्या स्टीलचंच घ्या. सगळ्या अपग्रेडमध्ये कमी पैशांत सर्वांत जास्त फायदा देणारं हे एक अपग्रेड आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पिचची. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं पिनियन कधी मॉड्यूलमध्ये (मिलिमीटरच्या मापात) असतं आणि स्पर इंचाच्या पिचमध्ये. ३२ पिच म्हणजे मॉड्यूलच्या भाषेत ०.७९४, म्हणून ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल एकमेकांबरोबर चालून जातात. ४८ पिच म्हणजे ०.५२९. ०.५ मॉड्यूलचं पिनियन त्याच्याशी वरवर जुळल्यासारखं वाटतं, फिरतंही, पण प्रत्येक दात चुकीच्या जागी घासतो. ०.६ तर मुळीच जुळत नाही. पिनियनवर खूण नसेल तर व्हर्निअर कॅलिपरने बाहेरचा व्यास मोजा आणि दातांच्या संख्येत २ मिळवून येणाऱ्या आकड्याने भागा. जे येईल ते मॉड्यूल. २० दातांचं पिनियन ११.६ मिमी भरलं तर ४८ पिच, ११.० भरलं तर ०.५ मॉड्यूल, १३.२ भरलं तर ०.६. साध्या कॅलिपरनेही हा फरक कळतो.

तिसरी गोष्ट ग्रब स्क्रूची, म्हणजे पिनियन शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या, डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूची. मोटरच्या शाफ्टवर एक बाजू सपाट घासलेली असते. ग्रब स्क्रू त्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर कसला तर सुरुवातीला घट्ट वाटतो, मग पिनियन हळूहळू शाफ्टवरून बाहेर सरकतं. पाथर्डी फाट्याजवळ राहणारा अकरावीतला एक मुलगा एकदा गेलेल्या स्परची पिशवीच घेऊन आला. म्हणाला, “काका, कंपनीच बदलायची का आता?” सगळे गिअर टेबलावर ओळीने मांडले तर प्रत्येकाचा बाहेरचा अर्धाच भाग खाल्लेला. पिनियन उलटं बसवलं होतं, त्यामुळे ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागाच्या पुढे पडत होता आणि प्रत्येक वेळी पिनियन सरकत होतं. अर्ध्या रुंदीच्या दातांवर पूर्ण मोटरची ताकद येत होती. पिनियन फिरवून बसवलं, ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावलं, बाकी काहीच बदललं नाही. तो स्पर अजून चालू आहे.

थ्रेडलॉकबद्दल दोन शब्द. निळं, म्हणजे मध्यम ताकदीचं वापरा. लाल वापरलंत तर पुढच्या वेळी ग्रब स्क्रूचं भोकच जाईल. शाफ्ट आणि स्क्रू आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढा, थेंबभर पुरतं. धातूत धातू जिथे कसला जातो तिथेच ते लावायचं. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला लावू नका. एबीएस आणि पॉलीकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. ॲलन की चांगल्या पोलादाची हवी. किटबरोबर येणाऱ्या मऊ कीने ग्रब स्क्रूचं षटकोनी भोक गोल होतं, आणि मग स्क्रू घट्ट बसलाय की की नुसती घसरतेय हे कळत नाही.

मेश लावणं

मेश म्हणजे पिनियन आणि स्परमधलं अंतर. जुनी कागदाची पद्धत अजूनही उत्तम आहे. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याची बोटभर रुंद पट्टी कापा, दोन्ही गिअरच्या मध्ये घाला, मोटर स्परकडे दाबून धरा आणि मोटरचे स्क्रू कसा. मग गिअर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर स्वच्छ नागमोडी घड्या पडलेल्या हव्यात. ती फाटली किंवा दातांनी भोकं पडली तर मेश टाईट आहे. घड्या पुसट असतील तर ढिला.

इथे थांबायचं नाही. स्परला पूर्ण एक फेरा द्या आणि निदान चार ठिकाणी थांबून पिनियन घट्ट धरून स्पर किंचित मागे-पुढे हलवा. प्रत्येक ठिकाणी जरासा, ऐकू येईल न येईल इतका खेळ लागला पाहिजे. एका ठिकाणी अगदी घट्ट आणि समोरच्या ठिकाणी सैल असेल तर कितीही वेळा मेश लावला तरी उपयोग नाही; आधी तो डगमगणारा स्पर किंवा शाफ्ट दुरुस्त करा. थोडाफार फरक असेल तर सगळ्यात घट्ट जागा समोर ठेवून तिथे कागद घालून मेश लावा.

आवाजावरूनही कळतं. बारीक, उंच शीळ येत असेल तर टाईट. खडखड, विशेषतः थ्रॉटल सोडताना, म्हणजे ढिला. दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तर मी किंचित ढिला निवडतो, कारण टाईट मेशमध्ये दात तर तापतातच, शिवाय मोटरच्या आणि टॉप शाफ्टच्या (स्पर ज्यावर बसतो त्या शाफ्टच्या) बेअरिंगवर सतत बाजूचा दाब राहतो.

पहिली बॅटरी संपली की मेश पुन्हा तपासा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हे चुकवू नका. पारा चाळिशीजवळ असतो, ट्रक उन्हात तापलेला असतो, त्यात मोटरची उष्णता मोटर प्लेटमधून गिअरबॉक्सच्या प्लास्टिकपर्यंत पोहोचते. नायलॉन वितळायला २२० ते २६० अंश लागतात, पण साठ-सत्तर अंशांनाच त्याचा ताठपणा बराच कमी होतो. पंख्याखाली बसून लावलेला मेश दुपारी म्हसरूळच्या माळावर तोच राहील याची खात्री नसते.

मोटरचे स्क्रू आणि बेअरिंग

मेश व्यवस्थित लावूनही एका बॅटरीत ढिला होत असेल तर मोटरच हलतेय. दोन्ही स्क्रूच्या खाली वायसर आहेत का बघा. लांबट खाचेवर स्क्रूचं डोकं थेट टेकलं तर ते कडेला रुतून बसतं आणि नंतर सैल पडतं. बहुतेक मोटरना एम३ स्क्रू लागतात, त्यांची लांबी महत्त्वाची आहे. जाड वायसर किंवा नवी ॲल्युमिनियमची मोटर प्लेट टाकली की जुना स्क्रू आखूड पडतो, दोन-तीन आट्यांवरच धरतो आणि निसटतो. उलट फार लांब स्क्रू घातला तर तो आत वाइंडिंगला टेकतो आणि मोटर जळते. मोटरच्या माहितीपत्रकात स्क्रू किती आत जाऊ शकतो ते दिलेलं असतं. ते बघा, प्लेट आणि वायसरची जाडी त्यात मिळवा आणि त्या लांबीचाच स्क्रू आणा. इथे आपण नाशिककर सुदैवी आहोत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे ॲलन बोल्ट, नायलॉक नट, बारीक बेअरिंग विकणारी दुकानं शहरात आहेत आणि एक-दोन नग मागितले तरी देतात.

मग स्परचा शाफ्ट. मोटर काढून ठेवा, स्पर दोन बोटांत धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. आत-बाहेर थोडं हलणं चालतं. वर-खाली हललं तर टॉप शाफ्टचं बेअरिंग गेलंय, आणि मग मेश प्रत्येक थ्रॉटलला बदलतोय. काही सुरुवातीच्या ट्रकमध्ये तर बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे किंवा ब्राँझचे बुश असतात. ते असतील तर ब्रशलेस मोटर टाकण्याआधी बॉल बेअरिंग टाका. आपल्या ट्रकांमध्ये ५×११×४ मिमी हे माप फार ठिकाणी लागतं. दुकानात ते एमआर११५ म्हणून ओळखतात. १०×१५×४ लागत असेल तर ६७०० झेडझेड मागा. रबर सील असलेली मिळाली तर उत्तम, कारण धातूच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये आपली बारीक धूळ शिरते.

स्लिपर क्लच

स्लिपर म्हणजे स्परच्या मध्ये बसवलेला, ठरावीक ताकदीपलीकडे घसरणारा भाग. धक्का आला की तो घसरतो आणि दात वाचतात. अपग्रेडनंतर ‘पॉवर वाया जाते’ म्हणून तो पूर्ण कसून टाकायची एक पद्धत पडली आहे. ती मला मुळीच पटत नाही. २ सेल लायपो म्हणजे ७.४ व्होल्ट आणि ३ सेल म्हणजे ११.१. ३५०० केव्हीची (दर व्होल्टला ३५०० आरपीएम) मोटर टूएसवर भाराशिवाय साधारण २५,९०० आरपीएम फिरते, थ्रीएसवर ३८,८५०. वेग दीडपट झाला, पण फिरणाऱ्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. उडी मारून ट्रक जमिनीवर टेकतो तेव्हा ही सव्वादोन पट ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. स्लिपर बंद केला की ती दातांत जाते.

किती कसायचा याचा आकडा तुमच्या ट्रकच्या माहितीपुस्तकात आहे, तिथून सुरुवात करा. मग हातानेच तपासा: मागची दोन्ही चाकं घट्ट धरा आणि अंगठ्याने स्पर पुढे ढकला. बराच जोर लावल्यावर तो घसरला पाहिजे. अजिबात घसरत नसेल तर नट पाव फेरा सोडा. मग पकड असलेल्या जमिनीवर, म्हणजे डांबर किंवा सिमेंटवर, उभ्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. सुटताना पहिल्या एक-दोन फुटांत हलकीशी ‘सुंईं’ ऐकू येऊन बंद व्हायला हवी. ती लांबत राहिली तर स्लिपर ढिला आहे, आणि थोड्याच वेळात स्परचा मधला भाग वितळेल.

सेटिंग टिकत नसेल तर नायलॉक नट बघा. त्यातलं नायलॉनचं कडं दोन-चारदा काढ-घाल केल्यावर पकड सोडतं आणि नट चालताना आपोआप फिरतो. नवा नट काही रुपयांचा असतो. पॅड गुळगुळीत काचेसारखे झाले असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासा आणि तेलाचा हातही लागू देऊ नका.

सेंटर डिफरन्शियल असलेल्या काही फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये स्लिपरच नसतो. तिथे ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) पंच, म्हणजे सुटतानाचा झटका, कमी करणं हाच उपाय. स्लिपर असलेल्यांनीही पंच एक-दोन पायऱ्या खाली आणावा. आणि रिव्हर्सची अशी सेटिंग निवडा की आधी ब्रेक लागेल, ट्रक थांबेल, मग पुन्हा ट्रिगर ढकलल्यावरच मागे जाईल. हवेत असताना थ्रॉटल सोडायची सवय लावणं हेही दुरुस्तीचाच भाग आहे.

मोठे टायर आणि गिअरिंगचं गणित

दात वितळल्यासारखे दिसत असतील आणि मेश बरोबर असेल तर गिअरिंग तपासा. टायर मोठा केला की प्रत्येक फेऱ्याला ट्रक जास्त अंतर जातो, म्हणजे न बदलताच गिअरिंग जड होतं. मोटर जास्त करंट ओढते, तापते, ती उष्णता शाफ्टवरून पिनियनमध्ये आणि पिनियनमधून नायलॉनच्या दातांत जाते.

उदाहरण घ्या. स्पर ८६ दातांचा, पिनियन २१ दातांचं, आणि गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.७२, ट्रॅक्सस स्लॅशच्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये एवढंच असतं. ८६ भागिले २१, गुणिले २.७२, म्हणजे ११.१. आता ११० मिमीचे टायर काढून १२५ मिमीचे लावले. पूर्वीइतकाच भार ठेवायचा तर पिनियन २१ गुणिले ११० भागिले १२५, म्हणजे १८.५ दातांचं हवं. अर्धा दात नसतो, म्हणून १८ घ्या. गुणोत्तर १३.० होईल. टॉप स्पीड फारसा कमी होणार नाही, कारण टायर मोठा आहे, पण मोटर सुटकेचा श्वास घेईल. मोठे टायर लावून वर पिनियनही मोठं करणारे दर उन्हाळ्यात मोटरही गमावतात आणि स्परही.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पाच मिनिटं चालवून मोटरचं तापमान घ्या. मी ८० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवतो. त्याहून वर जात असेल तर एक-दोन दात लहान पिनियन टाका. थर्मामीटर नसेल तर मोटरला बोट तीन-चार सेकंद लावून धरता आलं पाहिजे. लगेच काढावं लागलं तर थांबा. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली सकाळ यांत आपल्याकडे पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. हिवाळ्यात बरोबर असलेलं पिनियन उन्हाळ्यात एक दात लहान करावं लागणं यात काही विचित्र नाही.

मग मेटल स्पर का घेऊ नये?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. घरातल्या फ्यूजचं काम ट्रकमध्ये नायलॉनचा स्पर करतो. स्टीलचा स्पर टाकला की दात वाचतील, पण तोच धक्का पुढे टॉप शाफ्ट, डिफरन्शियल आणि ड्राइव्हशाफ्टवर जाईल. स्पर बदलायला दहा मिनिटं लागतात. डिफरन्शियल बदलायला अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. उड्या मारणाऱ्या, वेगात चालणाऱ्या ट्रकसाठी स्टीलचं पिनियन आणि नायलॉनचा स्पर हीच जोडी मी सुचवतो.

क्रॉलरची गोष्ट वेगळी. रामशेजच्या पायथ्याला किंवा चामर लेण्यांच्या बाजूच्या कातळावर सावकाश चढणाऱ्या ट्रकमध्ये वेग कमी, म्हणून झटकाही कमी. तिथे स्टीलचा स्पर चालतो. फक्त दोन्ही धातूचे असतील तर थोडं ग्रीस लागतं आणि कव्हर पूर्ण बंद लागतं.

नायलॉनच्या उघड्या स्परला मात्र ग्रीस लावू नका. आपल्याकडचा मुरूम आणि बेसाल्टची भुकटी त्या ग्रीसमध्ये मिसळली की दातांमध्ये काळपट लेप तयार होतो. तो लेप म्हणजे पॉलिश पेपरच, दर फेऱ्याला दात घासत राहतो. गिअरवर असा लेप दिसला तर सगळं पुसून कोरडं करा. नायलॉन-स्टील जोडी कोरडीच चालते.

कव्हर, धूळ आणि पावसाळा

मोठं पिनियन बसत नाही म्हणून गिअर कव्हर काढून टाकलेले ट्रक मी इथे बरेच बघितले आहेत. पाथर्डी, मखमलाबाद, पेठ रोडच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर टाकलेल्या मुरमात ज्वारीच्या दाण्याएवढे खडे असतात आणि टायर ते सरळ गिअरवर उडवतात. कव्हर बसत नसेल तर ते आतून गरजेपुरतं घासा, पण लावाच. कव्हरच्या तळाशी खाली एक छोटं भोक असेल तर ते बुजवू नका, आत शिरलेलं पाणी आणि खडा तिथूनच बाहेर पडतात. वायरी जातात तिथल्या फटीला रबराचं बूच किंवा फोमचा तुकडा लावा.

उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर चालवायला मजा येते, पण ती पीठासारखी धूळ बेअरिंगपर्यंत जाते. घरी आल्यावर कव्हर उघडून मऊ ब्रशने आणि हवेच्या बल्बने साफ करा. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा थेट बेअरिंगवर मारू नका. त्याने धूळ आत ढकलली जाते.

पावसाळ्यात काळी माती हा वेगळाच त्रास. ती टायरला आणि रिमच्या आत चिकटून एकेका चाकाचं वजन भरपूर वाढवते, आणि तुम्ही मेहनतीने बसवलेलं गिअरिंगचं गणित दहा मिनिटांत कोलमडतं. काळ्या रानात चालवायचंच असेल तर पिनियन लहान लावा, टूएस वापरा, आणि मध्ये थांबून रिममधली माती काठीने काढा. द्राक्षबागेच्या कडेच्या ओल्या वाटेवर तर हे दर पाच मिनिटांनी करावं लागतं, आणि बागवाल्यांना विचारून, तारांपासून लांबच चालवा.

चिखलातून आल्यावर बॅटरी काढा, साध्या पाण्याने हळूच धुवा, प्रेशरचा पाइप नको. पाणी झटकून डब्ल्यूडी-४० मारलं तर ओलावा निघतो, पण ते टिकाऊ वंगण नाही आणि बेअरिंगमधलं मूळ ग्रीसही धुऊन टाकतं. म्हणून वाळल्यावर टॉप शाफ्टच्या आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब घाला आणि चाक फिरवून बघा. स्लिपरवर डब्ल्यूडी-४० उडालं असेल तर पॅड काढून आयसोप्रोपिलने पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो घसरेल आणि तुम्ही नट कसत बसाल. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ईएससी आणि सर्व्होसाठी आहे. बेअरिंग एका रात्रीत गंजतात.

हे सगळं तपासूनही स्पर जात असेल तर प्रश्न विचारताना चार गोष्टी सांगा: गेलेल्या स्परचा आणि पिनियनचा जवळून काढलेला फोटो, दातांची संख्या आणि पिच, टायरचा व्यास, आणि टूएस की थ्रीएस. नुसतं ‘गिअर परत गेला’ एवढ्यावर कोणालाच नेमकं उत्तर देता येत नाही.